ग्राफिटी शिकायची, तर आधी वही

महोदय,

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण भुसावळला रेल्वेच्या नोकरीत आहात, चिरंजीव अकरावी विज्ञान शाखेत शिकतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याने गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून रंगाचे दोन स्प्रे आणून शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर आपले नाव काढले, त्यावरून गल्लीत बोलाचाली झाली, असे आपण लिहिले आहे. आता तो ग्राफिटीच शिकायची म्हणतो. ही कला आहे की गुन्हा, ती शिकायची कशी आणि तिच्यावर पोट भरते का, हे आपले तीन प्रश्न आहेत. मात्र पत्राच्या शेवटी आपण घाईने लिहिलेली एक ओळ मला या तिन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते : यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यांचे फोटो आपल्याला त्याच्या मोबाइलमध्ये सापडले. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे एवढ्याच कारणावरून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डब्यावर रंग मारण्याचा गुन्हा त्याहून वेगळा. डब्यावर चढलेल्या माणसाच्या डोक्यावरची तार २५,००० व्होल्टची असते आणि तिला हात लागलाच पाहिजे असे नाही, जवळ जाणेही जिवावर बेतते, हे आपल्या खात्यातल्या माणसाला मी सांगावे असे नाही. परंतु मुलाला ते आपणच, रागावून नव्हे तर शेजारी बसवून, सांगावे. खासगी किंवा सार्वजनिक भिंतींसाठी महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. थोडक्यात, मालकाची लेखी परवानगी हातात असेल तर ते भित्तिचित्र, नसेल तर गुन्हा. चित्र किती सुंदर आहे याचा त्यात प्रश्न येत नाही.

आता शिकण्याविषयी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये ही कला आजच्या रूपात उभी राहिली, ती चित्रांतून नव्हे, नावांतून. १९७१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ज्याची बातमी छापली तो पोरगा निरोप्याचे काम करी आणि जाईल तेथे ‘टाकी १८३’ असे लिहून ठेवी. टाकी हे त्याच्या ग्रीक नावाचे लाडके रूप आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. (आपल्याकडे टाकी पाथरवटाच्या हातात असते, हा निव्वळ योगायोग, पण त्या मुलाने शहरावर नाव कोरलेच.) त्याच्याजवळ होता तो साधा मार्कर. स्प्रेचा डबा हा या कलेचा प्रारंभ नव्हे, अक्षर हा प्रारंभ आहे, आणि नवशिक्याकडून नेमकी येथेच चूक होते : तो पहिल्या दिवशी रंग विकत आणतो आणि व्हिडिओत पाहिलेली फुगीर इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरवू लागतो.

त्याला दोनशे पानांची कोऱ्या कागदांची वही आणून द्यावी. ग्राफिटी करणारे तिला ब्लॅकबुक म्हणतात. पहिले सहा महिने तिच्यात एकच शब्द, आणि तो देवनागरीत. मी ‘भुसावळ’ सुचवतो, त्याला कारण आहे. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, आपली अक्षरे शिरोरेखेला टांगलेली असतात. रोमन अक्षर फुगवले की त्याचे वजन तळाशी बसते, तीच युक्ती देवनागरीला लावली की उकाराला खाली जागा उरत नाही आणि वेलांटी वरच्या कडेला जाऊन धडकते. शिवाय ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात एक महत्त्वाचा फरक शिरोरेखेतल्या फटीचा आहे. हौसेने रेषा सलग ओढली की भुसावळचे ‘मुसावळ’ होते आणि धुळ्याचे ‘घुळे’. अक्षर वाकवावे, ताणावे, एकमेकांत गुंतवावे, पण कोणती फट बुजवायची नाही हे ज्याला कळले त्यालाच ते वाकवता येते. प्रथम पेन्सिलीने एकेरी सांगाडा, मग सर्वत्र सारखी जाडी, मग बाह्यरेषा, आणि शेवटी एकाच बाजूने पडणारी सावली, या क्रमाने तो शब्द पन्नास वेळा काढला की हात आपोआप बोलू लागतो. जोडीला र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडवलेला ‘मंगल’ हा टंक आणि अच्युत पालव यांचे सुलेखन शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एकच लिपी किती शिस्तीची आणि किती मोकळी असू शकते, ते त्याला दिसेल.

दुसरा गुरू त्याला बाजारपेठेतच मिळेल. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर कमी झाले, तरी संपलेले नाहीत. परवा जळगावात एका शटरवर काम चालले होते, तेथे मी अर्धा तास उभा राहिलो. त्या पेंटरकाकांनी खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणली, मधोमध चिमटीत धरून सोडली, आणि एका फटक्यात पन्हळी पत्र्यावर सरळ रेषा उमटली. मग करंगळी पत्र्यावर टेकवून त्यांनी ब्रश फिरवला. करंगळीचा तो आधार स्प्रेमध्ये मिळत नाही, म्हणून तेथे मनगट नव्हे, खांद्यापासून सगळा हात हलवावा लागतो. सुट्टीत महिनाभर अशा माणसाच्या हाताखाली डबे धुण्याचे काम मिळाले, तरी मुलाने ते करावे.

स्प्रेची पाळी त्यानंतर. सराव प्लायवुडच्या तुकड्यावर किंवा जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या पाठीवर करावा. डबा आतली गोळी खणखणून मोकळी झाल्यावरही दोन मिनिटे हलवावा, पृष्ठभागापासून वीतभर अंतर ठेवावे, आणि हात हलू लागल्यावरच बोट दाबावे. हात थांबला आणि बोट दाबलेलेच राहिले की रंगाचा ओघळ आलाच. बारीक आणि जाड रेषेसाठी तोंडावरची कॅप बदलतात. दुचाकीच्या टच-अपसाठी मिळणाऱ्या डब्यांचा दाब जास्त असल्याने त्यांतून बारीक रेष क्वचितच साधते, हे ठाऊक असले म्हणजे मुलगा स्वतःच्या हाताला दोष देत बसणार नाही. काम मोकळ्या हवेत करावे. कापडी मास्क रंगाची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो आणि तो रंगाच्या आधी विकत घ्यावा. या डब्यांवर ५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नये अशी सूचना असते. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याची खोली किंवा उन्हातल्या स्कूटरची डिकी ती मर्यादा सहज ओलांडते, तेव्हा डबे घरात सावलीला ठेवावेत.

पोटापाण्याचे म्हणाल, तर ‘ग्राफिटी कलाकार पाहिजे’ अशी नोकरीची जाहिरात मी अद्याप पाहिलेली नाही. काम मिळते ते शाळा, हॉटेले, व्यायामशाळा आणि नगरपालिकांच्या भिंतींचे, बहुधा चौरस फुटाच्या दराने, आणि ते सलग मिळत नाही. दिल्लीच्या लोधी कॉलनीतील किंवा मुंबईच्या ससून डॉकमधील २०१७ च्या भित्तिचित्र-प्रकल्पासारखी मोठी कामे होतात. पण ती करणाऱ्या अनेक कलाकारांमागे चित्रकलेचे किंवा डिझाइनचे रीतसर शिक्षण आहे. म्हणून माझा सल्ला असा की विज्ञान शाखा आता मध्येच सोडू नये. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांच्या कला पदवीसाठी राज्याची सीईटी देता येते; तीत संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असते. उपयोजित कला ही शाखा त्याच्या अक्षरवेडाला सर्वांत जवळची आहे. डिझाइनच्या पदवीप्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेते ती ‘यूसीड’ ही परीक्षाही त्याने द्यावी. विज्ञानाचा विद्यार्थी तेथे मुळीच उपरा ठरत नाही. त्याने शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली होती का, हे आपण लिहिलेले नाही. दिली नसेल तर वस्तुचित्राचा सराव आजपासून, रोज एक तास, आणि तो वहीच्या वेळेतून नव्हे, मोबाइलच्या वेळेतून काढावा.

राहिली शेजाऱ्यांची भिंत. ती आपण मजूर लावून पुसून घेऊ नये, मुलानेच नीट करून द्यावी. नुसता चुना मारला तर तो तेलकट रंगावर धरत नाही आणि काही दिवसांत नाव पुन्हा वर येते. आधी पॉलिश पेपरने तो भाग घासावा, प्रायमरचा एक हात द्यावा, तो वाळल्यावर भिंतीच्या रंगाचे दोन हात. रंग कोणता, ते त्यांना विचारूनच आणावा. त्यांनी होकार दिला, तर त्याच भिंतीवर त्यांच्या घराचे नाव काढून देण्याची परवानगी मुलाने स्वतः, लेखी, मागावी. नकार दिला, तर वही आहेच.

कळावे.