चांगल्या चकल्या कुणाच्या डब्यात?

दिवाळी तोंडावर आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची मुलाबद्दल एक तक्रार हमखास असते. "सगळं मिळतं त्याला, पण दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की तोंड वाकडं. आमच्या घरात असं कुणीच नाही हो!"

सोनूची आई हेच सांगत आली (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). मुलगा आठ वर्षांचा. आदल्या दिवाळीत वॉचमनकाकांना फराळाची पिशवी द्यायला पाठवलं, तर पठ्ठ्या ती जिन्यात ठेवून पळून आला. "चारचौघांत लाज आणली," असं त्यांचं म्हणणं.

सोनू सुरुवातीला फक्त फराळाबद्दल बोलायचा. सोऱ्यातून चकली कशी पडते, भाजणी कोरडी राहिली की ती कशी तुटते, सगळं तोंडपाठ. मी त्याला तेच बोलू दिलं. मूल एखाद्या गोष्टीभोवती घुटमळत असेल, तर ती जागा दुखरी असते.

"तुटलेल्या चकल्यांचं काय होतं रे?"

"त्या वेगळ्या डब्यात."

"कुणाच्या?"

"वॉचमनकाकांच्या. आणि कामाच्या मावशींच्या." मग जरा थांबून, "मला कळतं, तर त्यांना नाही का कळणार?"

आईला हे सांगितलं तेव्हा त्या आधी चिडल्याच. "टाकून देण्यापेक्षा बरं ना? चवीत काही फरक असतो का?" फरक नसतो, हे खरंच. मग सोनूच्या मामाकडे जाणाऱ्या डब्यात तुटक्या चकल्या का नसतात, एवढंच मी विचारलं. बराच वेळ त्या पदराशी चाळा करत बसल्या. "आमच्या आईकडेही असंच होतं. कधी मनातसुद्धा आलं नाही."

म्हणजे पोरगा कंजूष नव्हता. त्याला त्या पिशवीची लाज वाटत होती. ज्याला आपण निर्दयपणा म्हणत होतो, ती त्याची संवेदनशीलताच होती, आणि घरातल्या मोठ्यांपेक्षा ती धारदार होती. असा प्रसंग आला की उपदेशावरचा माझा उरलासुरला विश्वासही उडतो. मुलं ऐकून शिकत नाहीत, डब्यात काय भरलं जातं ते बघून शिकतात. मानसशास्त्रज्ञ लारा अ‍ॅकनिन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर केलेला अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते: कुणीतरी हातात दिलेला खाऊ पुढे देताना मुलं जितकी खूश दिसली, त्याहून स्वतःच्या वाट्यातला खाऊ देताना जास्त खूश दिसली.

त्या दिवाळीत सोनूच्या घरी डबे आधी भरले गेले, घरच्यांनी तोंड लावण्याआधी. तुम्हीही वसुबारसेला किंवा धनत्रयोदशीला द्या. भाऊबीजेपर्यंत सगळ्यांनाच फराळाचा कंटाळा येतो आणि तेव्हा दिलेलं उरलेलंच वाटतं. दोन किंवा तीनच माणसं निवडा, पण मुलाला त्यांचं नाव माहीत हवं आणि आवडही त्यानेच विचारून यायला हवी. मधुमेह असेल तर लाडवाऐवजी चिवडा वाढवा. एरवी एका डब्यात दोन लाडू, तीन करंज्या, पाच अख्ख्या चकल्या आणि वाटीभर चिवडा पुरतो. चिवडा आणि चकली वेगळ्या पुडीत बांधा, पाकातल्या रवालाडवाच्या ओलाव्याने दोन्ही सादळतात. तुटक्या चकल्या घरच्यांनी खाव्यात.

डबा शक्यतो स्टीलचा द्या, तो परत येतो आणि पुन्हा भेट होते. रिकामा डबा देऊ नये ही आपली जुनी रीत बहुतेकजण पाळतात, त्यामुळे त्यात काहीतरी येईलच. ते मुलासमोर आवडीने खा. "अहो, कशाला" म्हणून बाजूला ठेवलंत तर देणारे आपण आणि घेणारे ते, एवढंच मूल शिकेल.

बिघडतं ते बहुधा डबा देताना काढलेल्या फोटोमुळे. दुसरं कारण म्हणजे बक्षीस: "डबा देऊन ये, मग फटाके आणू." यात डबा हे फटाक्यांचं भाडं होतं. पाहुण्यांसमोर "आमचा किती गुणी" हेही नकोच. आणि फराळ दिला म्हणून कामाच्या माणसांचा बोनस कापायचा नाही. तो हक्काचा पैसा आहे, हे मुलालाही सांगा.

ऐनवेळी मूल अडून बसलं तर ढकलू नका. तुम्ही जा, त्याला नुसतं बरोबर न्या, जिना उतरताना डबा त्याच्या हातात असला तरी पुष्कळ. पाच वर्षांच्या मुलाला एवढंच जमतं. सात-आठव्या वर्षी ते डबा भरू शकतं, आणि दहाच्या पुढे खाऊच्या पैशातून एखादी पणती किंवा उटण्याची पुडी घालू शकतं.

दिवाळी हुकली असेल तर संक्रांत आहे. पाव किलो तीळ, तेवढाच चिकीचा गूळ आणि वाटीभर दाण्याचं कूट यांत पंचवीस-तीस लाडू होतात. पाक गरम असताना मुलांना वळायला बसवू नका, हात भाजतात. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढायचं काम त्यांच्याकडे द्या.