विंडोजची परवानगी विचारणारी चौकट माउस न वापरता कशी हाताळायची? 'यस' आपोआप दाबून घेता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. इंग्रजी विंडोजमध्ये ऑल्ट+वाय म्हणजे 'यस' आणि ऑल्ट+एन म्हणजे 'नो'. एस्केप दाबलं तरी 'नो'च धरलं जातं. नुसतं एंटर मारून 'यस' होत नाही, कारण चौकट उघडते तेव्हा निवड 'नो'वर असते. तुम्ही भराभर टाइप करत असताना ही चौकट मध्येच उगवली, तर चुकून होकार जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि मला तो पटतो. एंटरच वापरायचं असेल तर आधी डावा बाण दाबा.

प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा असेल तर स्टार्टमध्ये त्याचं नाव टाइप करून कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबा. राइट क्लिकची गरजच नाही.

आता दुसरा प्रश्न, स्क्रिप्टने 'यस' आपोआप दाबण्याचा. मूळ सेटिंग असेल तर ही चौकट येताना मागचा पडदा काळवंडतो. ती नुसती सजावट नाही. चौकट तेव्हा वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर असते आणि तुमचे साधे प्रोग्राम तिथे कळ पाठवू शकत नाहीत. म्हणजे ऑटोहॉटकीची (कळा आपोआप दाबून देणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट तिथे हात टेकते. ही चौकट कधी दाखवायची ते ठरवणारा 'यूजर अकाउंट कंट्रोल' सेटिंगमधला स्लायडर एक पायरी खाली आणला की पडदा काळवंडणं थांबतं, पण मग ही भिंतही जाते. थोडे क्लिक वाचवायला मी तरी ते करणार नाही.

रोज एकाच प्रोग्रामसाठी हा प्रश्न येत असेल, तर टास्क शेड्यूलरमध्ये (ठरवून दिलेली कामं चालवणारं विंडोजचं साधन) त्याचं टास्क बनवा, 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण करा आणि त्या टास्कचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. मग चौकट येणारच नाही. फक्त तो प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच असू द्या. डाउनलोड्समध्ये पडलेली फाइल कुठलाही साधा प्रोग्राम बदलू शकतो आणि तुमचं टास्क ती बदललेली फाइल न विचारता पूर्ण अधिकारांनी चालवेल.

ऑल्ट+वायची सवय बोटांना लवकर लागते, डोळ्यांच्याही आधी. म्हणून दाबण्यापूर्वी प्रोग्रामचं नाव आणि त्याखालची प्रकाशकाची ओळ वाचा. तुम्ही काहीच उघडलेलं नसताना चौकट आली असेल तर सरळ एस्केप.