आजोबांचं जुनं बायबल : बाइंडरकडे देऊ का?

पुठ्ठा सुटलाय, पानं फाटलीत आणि मिरजेत बाइंडरकडे द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. द्या, पण आधी बोलून घ्या. आमचं बायबल एकाने कडा सरळ दिसाव्यात म्हणून मशीनवर कापलं. पहिल्या कोऱ्या पानाच्या कडेला पणजोबांनी लिहिलेल्या बाप्तिस्म्याच्या तारखा निम्म्या गेल्या! म्हणून आधी त्या पानांचे फोटो काढा. मग स्पष्ट सांगा: कापायचं नाही, लॅमिनेशन नाही, फर्मे (एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्यानेच शिवायचे, आणि खळीत मोरचूद नको. कीड लागू नये म्हणून तो घालतात, पण कागद खराब होतो.

फाटलेली पानं घरी जोडता येतात. सेलोटेप अजिबात नको, त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो. कुरडईसाठी काढतो तसा गव्हाचा चीक, आंबू न देता, पाण्यात पातळ शिजवा. जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची) पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा, तंतू मोकळे राहिले की जोड नीट बसतो. ही खळ लावून पट्टी फाटलेल्या जागी चिकटवा. वर-खाली बटर पेपर, त्यावर वजन, एक रात्र. शाईच्या अक्षरांना मात्र ओल लावू नका, जुनी शाई फुटते.