चालू पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यावी का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमधली निम्मी एकाच विषयावरची आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतोय. तीन पत्रं निवडलीत, तिघांची परिस्थिती वेगळी आहे आणि उत्तरंही वेगळी आहेत.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही धायरीला राहतो. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८८ हजार किलोमीटर झालेत, आजवर कधी रस्त्यात बंद पडली नाही. तीन वर्षांपूर्वी माझं ऑफिस खराडीला गेलं, तेव्हापासून रोज जाऊन-येऊन ४४-४५ किलोमीटर होतात, आणि महिन्यातून एकदा कराडला सासरी चक्कर असते. ट्रॅफिकमुळे १४ च्या वर ॲव्हरेज मिळत नाही, पेट्रोलवर महिन्याला नऊ हजार जातात. धाकट्या दिरांनी दिवाळीत इलेक्ट्रिक घेतली आणि तेव्हापासून घरात हाच विषय. ते म्हणतात किलोमीटरला एक रुपया पडतो, आमचे हे म्हणतात आठ वर्षांनी बॅटरीला पाच लाख घालावे लागतील. त्यात आमच्या गाडीचा क्लच आणि टायर दोन्ही बदलायला आलेत. खर्च करू की गाडीच विकू? पार्किंग स्वतःचं आहे, मीटर रूमही जवळच आहे. (एक वाचक, धायरी)

उत्तर : ताई, शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिलीत, पण खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते. स्वतःचं पार्किंग आणि जवळ मीटर, हे ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी इलेक्ट्रिक गाडी सोयीची आहे, मी स्वतः २०२२ पासून चालवतोय आणि परत पेट्रोलकडे जायचा विचारही मनात येत नाही. तरी तुम्हाला मी सांगेन, आत्ता विकू नका. क्लच टाका, टायर टाका.

कारण काय, तर बहुतेक लोक हिशोब करताना नवी इलेक्ट्रिक आणि नवी पेट्रोल यांची तुलना करतात, आणि तिथे इलेक्ट्रिक सहज जिंकते. पण तुमच्यासमोर तो प्रश्नच नाहीये, तुमच्या दारात एक चालती गाडी आहे जिचे हप्ते केव्हाच फिटलेत. तुमची तुलना त्या गाडीशी करायची.

तुमचं रनिंग वर्षाला १५ हजारांच्या आसपास निघतं. पुण्यात पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं आणि ॲव्हरेज १४, तर किलोमीटरला साडेसात रुपये, म्हणजे वर्षाला एक लाख दहा-बारा हजार. इलेक्ट्रिकमध्ये छोट्या एसयूव्हीला, चार्जिंगमध्ये वाया जाते ती वीज धरून, एका युनिटला सहा किलोमीटर मिळतात असं धरा. त्यातले १२ हजार किलोमीटर घरच्या चार्जिंगवर झाले, युनिट १० रुपयांनी धरलं, तर २० हजार रुपये. उरलेले तीन हजार हायवेच्या फास्ट चार्जरवर, तिथे दर दुप्पट-अडीचपट असतो, म्हणजे आणखी १२ हजार. एकूण ३२. वाचले साधारण ७८ ते ८० हजार. ऑइल, फिल्टर, प्लग यातलं काही नसल्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये थोडे अजून वाचतील.

आता दुसरी बाजू बघा. नवी गाडी ऑन-रोड १३ लाख धरू, जुनीचे तीन आले तर वर १० लाख घालायचे. ते कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता येतो २०,७०० च्या वर, आणि पेट्रोलमध्ये महिन्याला वाचणार साडेसहा हजार. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच ८० हजारांच्या पुढे जातं, म्हणजे जे वाचवलं ते सगळं बँकेत. आणि इकडे क्लच-टायर मिळून ३०-३५ हजारांचा खर्च, त्यात गाडी अजून तीन-चार वर्षं आरामात पळेल. पैसे रोख तयार असतील तर व्याज टळेल, पण १० लाखांवर एफडीत जे मिळालं असतं ते सोडावं लागेल, तेही मोजा.

हेच जर गाडी खरंच थकली असती, महिन्याआड गॅरेजला जात असती आणि नवी घ्यायचीच असती, तर मी डोळे झाकून इलेक्ट्रिक म्हटलं असतं. सारख्या आकाराच्या पेट्रोलपेक्षा ती दोन-तीन लाखांनी महाग पडली तरी तुमच्या रनिंगमध्ये चार वर्षांच्या आत वसूल होते. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला रोड टॅक्स माफ आहे आणि १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के बसतो, त्यामुळे शोरूमच्या किमतीवर जाऊ नका, दोन्हींचं ऑन-रोड कोटेशन लेखी घेऊन समोरासमोर ठेवा. जीएसटीचा फरक मात्र आता कमी झालाय, इलेक्ट्रिकला ५ टक्केच आहे, पण छोट्या पेट्रोल गाड्या सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आल्यात. आणि कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखांची सूट मिळते असं कोणी सांगितलं तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

दिरांचा एक रुपया खोटा नाही, पण तो फक्त पहिल्या १०० युनिटच्या दराने येतो. महावितरणचं घरगुती बिल स्लॅबने चढतं हे आपल्याला माहितीच आहे, घरचा वापर १५०-२०० आणि वर गाडीचे महिन्याला १६०-१७० युनिट, म्हणजे तुम्ही ३०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये जाणार आणि तिथला दर पहिल्या स्लॅबच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून गाडी घ्याल तेव्हा चार्जिंगसाठी वेगळं मीटर घ्या, ईव्हीसाठी महावितरणची स्वतंत्र कॅटेगरी आहे. दिरांनी ते घेतलंय का, विचारून बघा.

बॅटरीच्या बाबतीत तुमच्या मिस्टरांची भीती मी समजू शकतो, मलाही होती. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देतात. तुमच्या रनिंगमध्ये ८ वर्षांत १ लाख २० हजार होतील, म्हणजे पूर्ण काळ तुम्ही वॉरंटीत. वॉरंटी संपली की दुसऱ्या दिवशी बॅटरी मरते असं नसतं, क्षमता हळूहळू उतरते, आधी २२० किलोमीटर जाणारी १८० जायला लागते. मात्र क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी बॅटरी बदलून देणार, हे वॉरंटीच्या कागदावर वाचूनच सही करा. खरा तोटा मला रिसेलमध्ये दिसतो. दर वर्षी जास्त रेंजची मॉडेल्स येतायत त्यामुळे जुनी इलेक्ट्रिक पेट्रोलपेक्षा पटकन उतरते. दोन-तीन वर्षं थांबण्यात तुमचा फायदा आहे तो हाही.

कराडचं सांगतो. ब्रोशरमधली रेंज ही एआरएआयची, म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरच्या, गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेची, पण ती ठरावीक टेस्टमधली असते, खंबाटकी घाट चढताना एसी लावून चार माणसं बसवलेली नसतात. ३५ युनिटची बॅटरी असेल तर हायवेला ८०-९० च्या स्पीडने २०० किलोमीटर धरून चला. कराड १६० आहे, एका चार्जमध्ये पोचाल. सासरी रात्रभर १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर १० तासांत २५ युनिट तरी जातात, आणि सकाळी निघताना गरजेपुरतं झालेलं असतं. पण त्या घराचं अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत ते नावालाच असतं आणि चार्जर लाल दिवा दाखवून बंद बसतो, माझ्यावर एका नातेवाइकांकडे ही वेळ आलीय, रात्री ११ वाजता चार्जर शोधत फिरलो होतो. आणि एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच लावू नका, बोर्ड वितळतो.

प्रश्न : सर, मी वाकडला भाड्याने राहतो, हिंजवडीत नोकरी, महिन्यातून दोनदा मुंबईला आई-बाबांकडे. इलेक्ट्रिक कार बुक करायच्या बेतात आहे पण सोसायटीची कमिटी पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला तयार नाही, आग लागेल म्हणतात. बाहेर चार्ज करून भागेल का? (एक वाचक, वाकड)

उत्तर : भागेल, पण नका करू. रोजचं चार्जिंग बाहेर म्हटलं की किलोमीटरचा खर्च घरच्या दुपटीवर जातो, आणि त्याहून जास्त त्रास वेळेचा. रात्री ऑफिसमधून दमून आल्यावर चार्जरवर आधीच दोन गाड्या उभ्या असतात, मग तुम्ही तिथेच मोबाइल बघत तासभर. घरी प्लग लावून झोपायचं, सकाळी गाडी भरलेली, इलेक्ट्रिकचं सगळं सुख त्यात आहे. ते नसेल तर बुकिंग थांबवा.

थांबवा म्हणजे सोडा असं नाही. आपल्या घरच्या वीज कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या गाइडलाइन्समध्ये लिहिलेलं आहे. पण कमिटीच्या तोंडावर कागद फेकून काम होत नाही. तुम्ही भाडेकरू आहात तेव्हा आधी घरमालकांचं संमतीपत्र घ्या, मग सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, आणि त्यात काय करणार ते स्पष्ट लिहा: लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून काम, वेगळी एमसीबी, योग्य जाडीची कॉपर वायर, चांगलं अर्थिंग, सगळा खर्च तुमचा. त्यांची भीती मला चूक वाटत नाही, जुन्या वायरिंगवर कोणीही येऊन सॉकेट ठोकलं तर खरंच वायर तापते. आगीची काळजी आहे ना, मग नीट फिटिंग हेच त्यावरचं उत्तर आहे हे त्यांना शांतपणे सांगा. सोसायटीत अजून दोघे-तिघे इच्छुक असतील तर एकत्र अर्ज करा आणि विषय सर्वसाधारण सभेत घ्यायला लावा, एकट्याच्या अर्जाला जे उत्तर मिळतं ते पाच जणांच्या अर्जाला मिळत नाही.

मुंबईचं म्हणाल तर एक्सप्रेसवेचा टोल कारला ३२० रुपये आहे, महिन्याच्या दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला १५ हजारांवर. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, फास्टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून नोंदली गेलीय ना आणि पैसे कापले जात नाहीत ना, यावर पहिल्या काही फेऱ्यांत लक्ष ठेवा. येताना खंडाळ्याचा चढ अडीच युनिट जास्तीचे खातो, म्हणजे १५ किलोमीटरची रेंज. वाटेत चार्ज करायचं का, ते खोपोलीच्या आधीच मीटर बघून ठरवायचं.

प्रश्न : महोदय, वय वर्षे ६८, निवृत्त, बावधनला छोटा बंगला आहे. गाडी पेट्रोल, नऊ वर्षांची, वर्षाला जेमतेम ३५०० किमी चालते. मुलगी बंगळूरहून सारखी म्हणते, बाबा, पर्यावरणासाठी तरी इलेक्ट्रिक घ्या. पैशाची अडचण नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे का? (एक वाचक, बावधन)

उत्तर : काका, मुलीची कळकळ शंभर टक्के बरोबर आहे, पण तुमच्या गाडीला ती लागू होत नाही. तुमचं वर्षाला २५० लिटर पेट्रोल जळतं, एका लिटरमधून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पावणेसहाशे किलो. तेवढंच अंतर इलेक्ट्रिकवर कापायला ५८० युनिट लागतील. आपली वीज अजून बरीचशी कोळशावर बनते, देशाची सरासरी युनिटला ०.७ किलोच्या थोडी वर, म्हणजे सव्वाचारशे किलो. पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणायचं प्रदूषण धरलं तर फरक थोडा वाढेल, तरी वर्षाला दोन-अडीचशे किलोच्या आसपासच राहतो. आणि छोट्या कारची बॅटरी कारखान्यात तयार होतानाच दोन-तीन टन बाहेर पडलेला असतो. तो भरून निघायला तुमच्या रनिंगमध्ये १० वर्षं जातील. रोज ६० किलोमीटर चालणाऱ्या माणसाचा हिशोब वेगळा, त्याचं दोन-तीन वर्षांत फिटतं. कर्वे रोडच्या सिग्नलला धूर कमी होतो हा फायदा मात्र तुम्ही-आम्ही सगळ्यांचा आहे, तो मी नाकारत नाही.

पैशाची अडचण नाही म्हणता तर माझं ऐकाल का, आधी छताकडे बघा. बंगला स्वतःचा आहे. तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांची सबसिडी मिळते, आणि पुण्याच्या उन्हात दिवसाला सरासरी १२ युनिट निघतात. वर्षाला चार हजारांच्या वर युनिट, म्हणजे तुमच्या गाडीमुळे जेवढा कार्बन होतो त्याच्या चार-पाचपट वाचतो, तोही गाडीला हात न लावता. डेक्कन, मंडई, स्टेशनला जायचं असेल तर वनाझला गाडी लावून मेट्रोने जा, माझी आई सत्तरीत जाते आणि तिला ते आवडतं.

पुढे कधी ही गाडी काढावीच लागली तर इलेक्ट्रिक घ्या, तोवर छत तयार असेल, आणि तुमची गाडी दिवसा घरीच उभी असते त्यामुळे थेट उन्हावर चार्ज होईल, नोकरीवाल्यांना हे जमत नाही. मुलीला हा हिशोब पाठवा. आणि एजन्सीचा माणूस बोलवाल तेव्हा टाकीची आणि शेजारच्या झाडाची सावली दुपारी कुठे पडते ते त्याला दाखवून घ्या, पॅनलची जागा त्यावरून ठरते.