सहकलाकार की साहाय्यक अभिनेता?

प्रश्न : सहकलाकार, सहअभिनेता आणि साहाय्यक अभिनेता हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहिले दोन बहुतेक ठिकाणी चालतात, तिसरा मुळीच नाही. ‘सहकलाकार’ हे नातं आहे आणि ते दोन्हीकडून सारखं. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’त अशोक सराफ हे लक्ष्मीकांत बेर्डेंचे सहकलाकार, तसेच बेर्डे सराफांचे. त्यात वरचा-खालचा कुणी नाही. ‘साहाय्यक’ मात्र भूमिकेची पायरी सांगतो, म्हणून तो पुरस्कारांच्या यादीतच राहू द्यावा. मुलाखतीच्या मथळ्यात एखाद्या कसलेल्या नटाला सरसकट ‘साहाय्यक’ केलेलं वाचलं की मला फार वाईट वाटतं.

‘सहकलाकार’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, ही आणखी सोय. अश्विनी भावे याच चित्रपटात सराफांच्या सहकलाकार. पण त्यांची जोडी होती हे सांगायचं असेल, तर सराफांच्या भूमिकेचं नाव घेऊन ‘धनंजय मानेसमोर अश्विनी भावे’ असं सरळ लिहा. हा ‘समोर’ सिनेमावाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. ‘सहनायक’ वेगळा, तो नायकाच्या बरोबरीने कथा ओढतो. आणि तमाशाबद्दल लिहिताना यातलं काहीच नको. तिथे सोंगाड्या, नाच्या, मावशी अशी कामांची स्वतःची नावं आहेत, तीच लिहा.