रताळी भाजताना: गोडी आधी, खरपूस कड नंतर

सणाच्या जेवणात मुख्य पदार्थांच्या बाजूला वाढायला भाजलेल्या रताळ्याच्या फोडी करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. बहुतेकांच्या तक्रारी दोनच आहेत: फोडी गिच्च होतात, नाहीतर गोड लागत नाहीत. रताळं गोड होतं ते मंद उष्णतेत सावकाश, आणि खरपूस होतं ते कोरड्या, कडक उष्णतेत. दोन्ही कामं एकाच झटक्यात उरकायला गेलं की एक तरी बिघडतंच. पुढची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : ओव्हन 220 अंशांवर तापवून फोडी भाजते. तरीही त्या खरपूस न होता मऊ पडतात, ट्रेला चिकटतात आणि उलटताना मोडतात. काय चुकतं?

बहुधा ट्रेवर गर्दी होते आहे. रताळ्याच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. फोडी एकमेकींना टेकल्या की हे पाणी वाफ होऊन त्यांच्यातच अडकतं. मग ओव्हन कितीही गरम असला तरी फोडी भाजल्या न जाता वाफवल्या जातात. तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या ट्रेवर एक किलो रताळ्यांपेक्षा जास्त फोडी पसरू नयेत. छोट्या ओटीजीच्या ट्रेवर 600 ग्रॅम पुरे. दोन फोडींमध्ये बोट जाईल एवढी जागा हवी. फोडी जास्त असतील तर दोन घाणे काढा, पण थरावर थर नको.

काप करताना सगळ्या फोडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. रताळं दोन्ही टोकांना निमुळतं असतं. टोकाचे बारीक तुकडे मधल्या फोडींच्या कितीतरी आधी करपतात, म्हणून टोकांकडचे तुकडे थोडे लांबट कापावेत. चिरलेल्या फोडी धुतल्या असतील तर स्वच्छ फडक्यावर पसरून हाताला ओल लागणार नाही इतक्या कोरड्या करा. एक किलोला दोन मोठे चमचे (30 मिली) तेल भांड्यातच चोळून लावावं. ट्रेवर वरून धार धरली तर काही फोडी तेलात बुडतात आणि काही कोरड्याच राहतात. एक छोटा चमचा मीठ ट्रे आत सरकवण्याच्या क्षणी घालायचं. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवलेल्या फोडींना पाणी सुटतं आणि वाळवण्याचे कष्ट वाया जातात.

रिकामा ट्रे ओव्हनमध्येच तापवून घ्या. गरम ट्रेवर फोड ठेवली की चर्र आवाज आला पाहिजे. सपाट बाजू खाली ठेवा आणि पहिली 18 ते 20 मिनिटं हात लावू नका. मग उलथनं सरकवून बघा. फोड सुटत नसेल तर तिला ओढू नका, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. खालची बाजू तांबूस होऊन कडक झाली की ती आपणहून सुटते. फोडी मोडतात त्या बहुतेक या घाईतच. उलटून आणखी 10 ते 15 मिनिटं भाजायच्या. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान 200 अंश ठेवा.

ट्रेवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरू नये, साखर पाझरली की फोडी तिला घट्ट धरून बसतात. बेकिंगचा पार्चमेंट पेपर चालतो. मेण लावलेला कागद मात्र ओव्हनमध्ये धूर करतो, तो टाळाच. आणखी एक, बटाट्यासारखा कुरकुरीतपणा रताळ्याकडून मागू नका. त्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी, म्हणून बाहेरून खरपूस आणि आतून लोण्यासारखं हीच त्याची खरी अवस्था. एक किलोला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरलं तर कड थोडी कडक होते, पण तो कडकपणा दहा-पंधरा मिनिटंच टिकतो.

प्रश्न : अख्खं रताळं भाजलं की मधासारखं गोड लागतं, त्याच रताळ्याच्या फोडी मात्र सपक. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर आणखीच सपक. असं का?

रताळ्याची बरीचशी गोडी शिजता शिजता तयार होते. त्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते स्टार्चचं माल्टोज या साखरेत रूपांतर करतं. त्यासाठी स्टार्च उष्णतेने फुगलेला हवा आणि विकर अजून शाबूत हवं. हे दोन्ही जुळतं ते साधारण 60 ते 75 अंश सेल्सियसच्या पट्ट्यात. त्याच्या बरंच वर गेलं की विकर निकामी होतं आणि उरलेला स्टार्च तसाच राहतो. अख्खं रताळं आतपर्यंत तापायला वेळ लागतो, म्हणून ते या पट्ट्यात बराच काळ रेंगाळतं. लहान फोडी काही मिनिटांत तो पट्टा ओलांडतात. मायक्रोवेव्ह तर त्याहूनही घाई करतो.

फोडींना हा वेळ मुद्दाम द्यायला हवा, आणि थर्मामीटर नसला तरी तो देता येतो. एक किलो रताळी सोलून, फोडी करून बाजूला ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा आणि अर्धा लिटर साधं पाणी मिसळा. पाणी 85 अंशांच्या आसपास येतं. फोडी टाकल्या की ते 70 च्या जवळ उतरतं. झाकण लावून अर्धा तास ठेवा. खाली पुन्हा गॅस लावायचा नाही. मग फोडी निथळून फडक्यावर दहा मिनिटं वाळू द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे भाजा. त्या तापलेल्या असल्याने भाजायला पाच-सात मिनिटं कमी लागतात.

याचा दुसरा फायदाही मोठा आहे. या तापमानाला पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन घट्ट होतं, त्यामुळे फोडी नंतर कडक आचेवरही आकार सोडत नाहीत. थेट उकळत्या पाण्यात टाकलेल्या फोडींच्या कडा भुसभुशीत होतात, या होत नाहीत.

एवढा खटाटोप नको असेल तर अख्खी रताळी सालासकट थंड ओव्हनमध्ये ठेवून मग 200 अंश लावा. मध्यम आकाराला, म्हणजे 200 ते 250 ग्रॅमच्या रताळ्याला, तास-सव्वा तास लागतो. सुरीच्या टोकाने चार ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने साल फुटू शकतं. फॉइलमध्ये गुंडाळू नका. टोकाशी तपकिरी, चिकट पाक पाझरायला लागला आणि सुरी लोण्यात जावी तशी गेली की झालं. मग जाड चकत्या करून त्या गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस करून वाढा.

प्रश्न : कोणत्या रंगाची रताळी घ्यावीत? वेगवेगळी एकत्र भाजली तर चालतील का?

केशरी गराची रताळी जास्त ओलसर आणि मऊ असतात. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या गराची पिठूळ आणि कोरडी. फोडी भाजायला पांढरी सोपी, कारण त्या मोडत नाहीत. जांभळी सगळ्यात घट्ट आणि शिजायला वेळखाऊ. ताटात तिन्ही रंग सुरेख दिसतात यात शंका नाही, पण भाजताना ती वेगवेगळ्या ट्रेवर ठेवा, निदान ट्रेचे भाग तरी वेगळे करा. जांभळ्या फोडी केशरी फोडींच्या आधी 8-10 मिनिटं आत जाऊ द्या. जांभळ्या रंगावर लिंबू पिळलं तर तो गुलाबीकडे झुकतो आणि खायच्या सोड्याचा स्पर्श झाला तर निळसर-हिरवा होतो. म्हणून मऊ पडण्यासाठी पाण्यात सोडा घालायची युक्ती इथे वापरू नका.

आकाराने मध्यम आणि दोन्ही टोकांकडे फार निमुळती न झालेली रताळी निवडा. फार जाड रताळी कधी कधी दोरेदार निघतात.

प्रश्न : तासभर भाजूनही रताळ्याचा मधला भाग कडकच राहिला. ओव्हन बिघडलाय का?

ओव्हनवर संशय घेण्याआधी एक विचारतो: रताळी फ्रिजमध्ये होती का? कच्चं रताळं दहा-बारा अंशांखाली काही दिवस राहिलं की त्याला थंडीची इजा होते. नंतर कितीही शिजवलं तरी गाभा लाकडासारखा राहतो. त्यावर उपाय नाही. तो भाग कापून टाका किंवा किसून दुसऱ्या पदार्थात वापरा.

कच्च्या रताळ्यांना 13 ते 15 अंश तापमान उत्तम मानवतं. घरात तेवढं थंड कुठेच नसतं, म्हणून अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमट होऊन बुरशी धरते. आधी धुऊनही ठेवू नका.

प्रश्न : चिरल्यावर फोडी काळ्या पडतात. आणि काही रताळ्यांत काळे, कडू डाग निघतात. ते कापून बाकीचं खावं का?

या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चिरल्यावर रताळ्यातून पांढरा चीक येतो आणि कापलेला भाग हवेशी संबंध आल्याने तपकिरी होतो. त्याने काही अपाय नाही. चिरता चिरता फोडी पाण्यात टाकत गेलं की झालं. लोखंडी सुरी किंवा लोखंडी कढई असेल तर काळेपणा जास्त दिसतो, कारण रताळ्यातले घटक लोहाशी मिळून गडद रंग देतात. स्टीलची सुरी वापरा.

काळा डाग आत खोल गेला असेल, कडवट वास येत असेल किंवा किडीची भोकं असतील तर मात्र अख्खं रताळं टाकून द्या. बुरशी किंवा कीड लागलेलं रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू, विषारी द्रव्यं तयार करतं. ती भाजण्या-उकडण्याने पूर्ण नाहीशी होत नाहीत. डागाच्या शेजारचा, दिसायला चांगला भागही कडू असू शकतो. इथे काटकसर करू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : मध, लसूण, मसाले नेमके कधी घालायचे? दर वेळी काहीतरी करपतंच.

कोरडे मसाले तेलाबरोबर सुरुवातीला चालतात: एक किलोला अर्धा छोटा चमचा मिरपूड, एक छोटा चमचा भरडलेलं जिरं, पाव चमचा दालचिनी. तिखटाची बारीक पूड 220 अंशांवर लवकर काळवंडते, ती फोडी उलटताना भुरभुरा. बारीक चिरलेला लसूण सुरुवातीला घातला तर कडू होणारच. चार-पाच पाकळ्या सालासकट ट्रेवर टाका, त्या आत मऊ होतील. शेवटी गर पिळून फोडींना चोळा.

मध किंवा गूळ शेवटच्या पाच-सात मिनिटांतच घालावा. एक किलोला दीड मोठा चमचा पुरे, रताळं स्वतःच गोड आहे हे विसरू नका. लोण्यातले दुधाचे कण करपतात, म्हणून भाजायला तेल किंवा तूप घ्या आणि लोणी हवंच असेल तर उतरवल्यावर एक चमचा घाला. लिंबाचा रस मात्र चुकवू नका. अर्ध्या लिंबाने गोडीला धार येते, त्याच्याशिवाय चौथ्या फोडीला कंटाळा येतो. भाजलेले तीळ किंवा शेंगदाण्याचा जाडसर कूट अगदी वाढताना घाला, आधी घातला तर मऊ पडतो.

प्रश्न : बारा माणसांचं जेवण आहे. किती रताळी लागतील, आणि आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल?

बाजूचा पदार्थ म्हणून माणशी 175 ग्रॅम कच्ची रताळी धरा, म्हणजे दोन किलोच्या थोडं वर. सालं आणि टोकं काढताना साधारण पंधरा टक्के जातात आणि भाजताना पाणी उडून वजन आणखी बरंच घटतं. दोन किलो कच्ची पाहून ट्रे भरलेला वाटतो, भाजून निघाल्यावर एक मध्यम भांडं भरतं. घाबरून जास्त घेऊ नका, पण कमीही नको. दोन ट्रे एकदम लावले तर उलटताना वरचा खाली आणि खालचा वर करा, आणि दहा मिनिटं जास्त धरा.

आदल्या दिवशी वर सांगितलेला गरम पाण्याचा टप्पा पूर्ण करून, फोडी कोरड्या करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवता येतात. अर्धवट शिजलेल्या फोडींना कच्च्या रताळ्यासारखी थंडीची इजा होत नाही. दुसरी वाट म्हणजे फोडी पूर्ण होण्याच्या जरा आधी काढायच्या, ट्रेवरच पसरून गार करायच्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायच्या. वाढायच्या आधी 220 अंशांवर दहा मिनिटं उघड्याच गरम करा. गरम फोडी झाकून ठेवल्या की झाकणाखाली घाम धरतो आणि सगळी कड मऊ पडते. ओव्हन दुसऱ्या पदार्थात अडकला असेल तर 90 अंशांवर अर्धा तास उघड्या ठेवल्या तरी त्या बऱ्यापैकी टिकतात.

प्रश्न : ओव्हनच नाही. कढईत जमेल का?

जमेल, आणि छान जमेल. जाड बुडाची पसरट कढई किंवा तवा घ्या, अर्धा किलो फोडींना दीड मोठा चमचा तेल. फोडी दोन सेंटिमीटरच्या करा. मंद आचेवर झाकण ठेवून 8 ते 10 मिनिटं, मधे एकदाच हलवा. मग झाकण काढा, झाकणावरचं पाणी आत पडू देऊ नका, आच मध्यमच्या थोडी वर करा आणि प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं न हलवता तांबूस होऊ द्या. एअर फ्रायर असेल तर 190 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. टोपलीत एकच थर हवा आणि मधे एकदा हलवायचं.