घराच्या नूतनीकरणाचे काम शिकायला सुरुवात कोठून करावी?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या जुन्या घराचे काम स्वतः शिकून करता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र सुरुवात गवंडीकामाने करावी आणि अनुभवी गवंड्याच्या हाताखाली काही महिने अवश्य काढावेत, कारण ओळंबा (उभी रेषा तपासण्याचा), गुण्या (काटकोन तपासण्याचा) आणि पाणसळ (आडवी पातळी तपासण्याची) यांचा वापर केवळ पाहून येत नाही. जुन्या भिंती बहुधा चुन्यातल्या असतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा केल्यास आतला ओलावा अडकतो, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात, म्हणून तेथे चुन्याचाच गिलावा करावा. ही चूक मी फार घरांत पाहिली आहे आणि दर वेळी हळहळलो आहे. नव्या विटांवरचा सिमेंटचा गिलावा मात्र किमान ७ दिवस पाणी मारून ओला ठेवावा. न्हाणीघरात फरशी बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर २४ तास पाणी साठवून गळती तपासावी. वीजकाम परवानाधारकाकडेच सोपवावे. रीतसर शिकायचे असल्यास आयटीआयमध्ये नळकामाचा अभ्यासक्रम १ वर्षाचा, तर वीजकामाचा २ वर्षांचा असतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये वडोदऱ्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली ती हातांना असे शास्त्रशुद्ध वळण लागावे म्हणूनच.